घट्ट पट्टीचा धोका

विद्यार्थी मित्रांनो, खेळताना पडून हात किंवा पाय मोडल्याचे तुम्ही पाहिले असेल. हाड मोडले, की ते बसवतात, प्लास्टर घालतात व काही आठवड्यांनी ते जुळून येते. परंतु कधी कधी मोडलेल्या हाडापेक्षाही मोठा धोका त्या हाडाभोवतीच्या स्नायूंना असतो. या धोक्याला ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण त्याचा अर्थ समजायला सोपा आहे.

एक संत्रे सोलून पाहा. आत फोडी असतात व प्रत्येक फोडीवर पातळ साल असते. आपल्या हातापायांतील स्नायूही असेच निरनिराळ्या कप्प्यांत असतात. गुडघ्याखालच्या पायात असे चार कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट पडदा असतो. आतून रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. हा पडदा मजबूत असतो, पण तो फारसा ताणला जात नाही.

हाड मोडले किंवा पाय जड वस्तूखाली चिरडला, तर आत रक्तस्राव होतो व स्नायूंना सूज येते. सूज वाढते, पण कप्पा मोठा होत नाही. त्यामुळे आतील दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना प्राणवायू मिळेनासा होतो. मग स्नायू अधिकच सुजतात व दाब आणखी वाढतो. वरून घट्ट पट्टी किंवा प्लास्टर असेल, तर सुजेला मुळीच जागा उरत नाही. अशा स्थितीत 6 ते 8 तास गेले, तर स्नायूंचे व मज्जातंतूंचे कायमचे नुकसान होऊ शकते.

जर्मनीतील हाले या शहरात रिचर्ड फॉन फोल्कमन (1830–1889) नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी परीकथाही लिहिल्या आहेत. मोडलेल्या हाताला फार घट्ट पट्ट्या बांधल्यास रक्तपुरवठा थांबतो, स्नायू आखडतात व बोटे कायमची आत वळतात, हे त्यांनी 1881 साली लिहिले. अशा वाकड्या झालेल्या हाताला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. कोपराच्या थोडे वर हाड मोडलेल्या लहान मुलांना हा धोका विशेष असतो.

आपल्याकडे काही लोक हाडवैद्याकडे जातात. तेथे बांबूच्या कामट्या लावून हात आवळून बांधला जातो. पट्टी जितकी घट्ट, तितके हाड लवकर जुळते, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज चुकीचा आहे. मोडलेल्या हाडाला आधार हवा, हे खरे. पण आधार देणे वेगळे आणि आवळणे वेगळे. दवाखान्यात नीट घातलेले प्लास्टरसुद्धा नंतर सूज वाढल्यास घट्ट होऊ शकते.

समजा, तुमच्या धाकट्या भावाचा हात मोडला आहे. हाताला प्लास्टर आहे. रात्री तो सारखा रडतो. औषध दिले, तरी दुखणे थांबत नाही. घरातील मोठी माणसे म्हणतात, “बेटा, हाड मोडले आहे, दुखणारच. थोडा सब्र कर, सकाळी पाहू.” अशा वेळी तुम्ही पुढील गोष्टी पाहा :

1. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत आहे का?
2. त्याची बोटे हळूच सरळ केली, तर असह्य कळ येते का?
3. बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात का?
4. हात टणक व ताणलेला लागतो का?
5. त्याला स्वतःची बोटे हलवता येत नाहीत का?

यांतील एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहू नका. बोटे गरम आहेत, नाडी लागते आहे, म्हणून निश्चिंत राहू नका. बोटे गार पडणे व नाडी न लागणे ही फार उशिरा दिसणारी लक्षणे आहेत. अगदी लहान मुलाला दुखणे सांगता येत नाही. तो बेचैन होतो व सारखा रडतो.

साधी पट्टी किंवा कामट्या असतील, तर हाताला आधार देऊन त्या सैल करा. प्लास्टर मात्र घरी कापू नका. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. तो उंच टांगल्यास रक्तपुरवठा आणखी कमी होतो. हात चोळू नका, शेकू नका, त्यावर बर्फ बांधू नका. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्याने रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका.

रुग्णालयात डॉक्टर प्रथम प्लास्टर व आतील पट्ट्या कापून मोकळ्या करतात. गरज पडल्यास सुईने कप्प्यातील दाब मोजतात. दाब उतरला नाही, तर शस्त्रक्रिया करून तो चिवट पडदा उभा चिरतात. स्नायूंना जागा मिळते व रक्त पुन्हा खेळू लागते. ही जखम लगेच शिवत नाहीत. सूज उतरल्यावर, काही दिवसांनी ती शिवतात किंवा तेथे त्वचा लावतात. जखमेचा व्रण राहतो, पण हात वाचतो. उशीर झाला, तर हाड जुळूनही त्या हाताला लेखणी धरणे किंवा सदऱ्याचे बटण लावणे कठीण होते.

मित्रांनो, सब्र हा मोठा गुण आहे. परंतु पट्टीखालचे दुखणे वाढत असेल, तर ते सोसत बसू नये. लगेच सांगावे आणि ऐकणाऱ्याने लगेच उठावे.

शब्दार्थ
चिवट – सहज न तुटणारा
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर
कामटी – बांबूची चपटी पट्टी
बधिर – स्पर्श न कळणारा
व्रण – जखमेची खूण

स्वाध्याय
1. स्नायूंच्या कप्प्यातील दाब का वाढतो?
2. ‘आधार देणे वेगळे आणि आवळणे वेगळे’ या वाक्याचा अर्थ सांगा.
3. रुग्णालयात पोहोचेपर्यंत कोणत्या गोष्टी करू नयेत?