कोर्स लवकर उरकायचा असेल तर

कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा

चि. छकुलीस,


रोवणी आटोपली. निंदणाला अजून अवकाश आहे, म्हणून तू पाठवलेला मसुदा सलग वाचून काढला. धान खरेदी केंद्रांवरच्या आणि सेवा सहकारी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण करायचं काम तू हाती घेतलंस, याचा आनंद आहे. एका कोर्सला तीन-चार महिने जातात, साहेब निम्म्या वेळात मागतात, आणि तू विचारतेस, मामा, कुठे काटछाट करू? ज्याचं आयुष्य गटसचिवकीत गेलं त्याला हे विचारलंस ते बरं केलंस. व्हिडिओची कापाकापी मला येत नाही, पण तो ज्याच्या मोबाइलवर चालणार आहे, त्या माणसाला मी चांगला ओळखतो.

पहिली कात्री पहिल्याच पानावर लाव. तुझा कोर्स 1844 सालच्या रॉचडेलच्या विणकरांपासून निघतो, 1904 च्या कायद्यावरून 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमावर येतो, आणि पंधराव्या पानावर कुठे ओलावा मोजायचं यंत्र दिसतं. रॉचडेलच्या त्या अठ्ठावीस जणांबद्दल मला आदर आहे. पण केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना काट्यावरच्या पोराला त्यांचा काय उपयोग? ही पंधरा पानं लिहायची, चित्रं शोधायची, आवाज द्यायचा, मग साहेबांनी त्यातलं एखादं साल दुरुस्त करायचं. तुझे दिवस इथे जातात.

काट्यावरच्या त्या पोराला अडतं ते वेगळ्याच जागी. शेतकरी धान घेऊन येतो. पोत्यात परखी खुपसून नमुना काढायचा, तोही वरच्या एका पोत्याचा नव्हे, निरनिराळ्या पोत्यांमधला. यंत्राचा कप आधीच्या धानाचे दाणे झटकून साफ करायचा आणि मग आकडा बघायचा. ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो. यंत्र दाखवतं 17.8. समोरचा म्हणतो, ‘भाऊ, रात्री दव पडलं, वरचीच पोती ओली आहेत, खालचा माल कडक आहे.’ तो गावातलाच असतो, कधी नात्यातलाही. आता या पोराने काय करायचं? दुसरा नमुना घ्यायचा, की वाळवून आणा म्हणायचं? ऐकत नसेल तर कोणाला बोलवायचं, आणि नोंद कुठे करायची? तुझ्या अख्ख्या मसुद्यात यावर एकच वाक्य आहे: ‘गुणवत्ता निकषांचे काटेकोर पालन करावे.’ अगं, एवढं त्यालाही कळतं.

दुसरी अडायची जागा म्हणजे नोंदणी. सातबारावर धानाची नोंद नाही, कारण शेतकऱ्याने ई-पीक पाहणी केलेलीच नाही. खातं सामाईक आहे आणि आलाय एकटा धाकटा भाऊ. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. हे टेबलावर रोज येतं. पैसे अडकतात ते यातच, आणि शिव्या बसतात त्या संस्थेला.

तेव्हा लिहायला बसण्याआधी दोन-तीन गटसचिवांना फोन कर. ‘तुम्हाला कोर्समध्ये काय हवं?’ असं विचारू नकोस. तसं विचारलंस तर प्रत्येक जण ‘सगळंच हवं’ म्हणेल. मागच्या हंगामात कुठे गाडं अडलं, कोणाचे पैसे कशामुळे रखडले, नवा पोरगा दिवसभर कशासाठी हाका मारतो, हे विचार. त्यातून पाच-सहा जागा निघतील, आणि कोर्स तेवढाच. मग त्या जागांवरचे प्रश्न आधी लिही: ‘यंत्र 17.8 दाखवतंय, शेतकरी वाद घालतोय, तुम्ही काय कराल?’ उत्तरं लिहिताना जेवढं समजावून सांगावं लागेल तेवढाच तुझा मजकूर. तुम्ही लोक मजकूर सगळा लिहून झाल्यावर शेवटी परीक्षा म्हणून प्रश्न चिकटवता आणि ते ‘सहकाराची स्थापना कधी झाली’ असले निघतात. क्रम उलटा केलास की मसुदा निम्म्यावर येईल.

मिनिटं कमी करण्याला किती मोल आहे ते बघ. अमेरिकेतल्या ब्रायन चॅपमन यांनी 2010 मध्ये असं प्रशिक्षण बनवणाऱ्यांकडून आकडे गोळा केले होते. तासाभराचा साधा ऑनलाइन धडा बनवायला सरासरी 79 तास, प्रश्नोत्तरं आणि कृती असलेला असेल तर 184 तास, आणि हुबेहूब प्रसंग उभे करणारा असेल तर 490. आकडे जुने आहेत, आता साधनं सुधारली आहेत, हे मान्य. तरी मधल्या हिशेबाने नुसती दहा मिनिटं गाळलीस तर तीस तास वाचतात. एवढे तास तुला कुठलं नवं सॉफ्टवेअर देणार आहे?

स्टुडिओचा सोसही सोड. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या अभ्यासक्रमांचा धांडोळा घेतला. व्हिडिओ पाहिल्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या आतच गळतात. शिवाय स्टुडिओत झगमगाटात केलेल्यापेक्षा टेबलाशी बसून घरगुती बोललेलं जास्त पाहिलं जातं. ते विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम करणारे होते आणि हे काट्यावरचे कर्मचारी, हा फरक आहेच. पण कर्मचाऱ्याला फुरसत त्याहून कमी असते. एखाद्या केंद्रावर जा, धानाची प्रत तपासणाऱ्या चांगल्या ग्रेडरला नमुना काढायला सांग, मोबाइलने टिपून घे. मागे हमालांचा आवाज आला तर येऊ दे.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण यात तुझा पुढच्या वर्षीचाही वेळ वाचणार आहे. मसुद्यात निवेदिका भाव बोलून दाखवते. साध्या धानाचा हमीभाव 2023-24 ला 2183 रुपये क्विंटल होता, 2024-25 ला 2300 झाला, 2025-26 साठी 2369 ठरला. दरवर्षी बदलणारी गोष्ट आवाजात आणि चित्रात टाकलीस की दरवर्षी तो व्हिडिओ फोडून पुन्हा जोडायचा. भाव, नोंदणीची मुदत, एकरी किती क्विंटल घ्यायचं ती मर्यादा, हे सगळं एका पानाच्या तक्त्यावर दे. निवेदिकेने फक्त ‘यंदाचा तक्ता बघा’ म्हणावं. तक्ता संस्थेच्या भिंतीवर लागेल, हंगामाला बदलेल, व्हिडिओला हात लावायची गरज नाही. खरं सांगायचं तर तुझ्या मसुद्यातल्या बऱ्याच गोष्टींना कोर्स नकोच, असा तक्ता पुरतो. तुमच्या कंपनीला तक्त्याचे पैसे मिळत नाहीत हे मलाही कळतं. तरी गिऱ्हाइकाला सांगून बघ.

संस्थांच्या संगणकीकरणाच्या भागालाही हाच न्याय. केंद्राने 29 जून 2022 ला 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी 2516 कोटींची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांसाठी एकच प्रणाली आली आणि हाताने किर्द लिहिणारे आमचे लोक पडद्यापुढे बसले. अशा प्रणालीत बटणांच्या जागा बदलत राहतात. तू ‘कर्जवाटप ते ताळेबंद’ असा पंचवीस मिनिटांचा एकच व्हिडिओ योजला आहेस. एक बटण हललं की पंचवीस मिनिटं वाया. सभासद नोंदवणे, कर्ज खाती टाकणे, वसुलीची पावती काढणे, असं एकेका कामाचं वेगळं दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरण कर. जे बदलेल तेवढंच पुन्हा कर. शिकणाऱ्यालाही पावती अडली तर पावतीचंच सापडेल.

आणि सगळं नव्याने लिहायचा हट्ट कशाला? शिक्षकांचं निष्ठा प्रशिक्षण ऑगस्ट 2019 मध्ये समोरासमोर सुरू झालं होतं. टाळेबंदी आली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तेच 18 भागांत दीक्षा या सरकारी पोर्टलवर गेलं. मजकूर आधीचा हाताशी होता म्हणून इतक्या लवकर जमलं. तुझ्या गिऱ्हाइकाकडेही जुनी परिपत्रकं, गटसचिवांच्या वर्गात दाखवलेल्या स्लाइड, लेखापरीक्षकांनी काढलेल्या त्रुटी पडून असतील. पहिल्या दिवशी त्या मागून घे. त्रुटींचा कागद तर आधी वाच, चुका कुठे होतात ते त्यात आयतं लिहिलेलं असतं. आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या 2013 च्या कायद्याचा धडा तुमच्या कंपनीने दुसऱ्या कोणासाठी केलेलाच असेल. कायदा तोच आहे. उदाहरणं बदल आणि लाव.

मंजुरीचं मात्र मला हसू आलं आणि रागही. चित्रीकरण झालं, आवाज चढला, आणि मग पाच साहेबांनी पाच वेगळ्या दुरुस्त्या सांगितल्या, असं तू लिहितेस. पऱ्हे उगवायच्या आत रोवणीच्या बाया सांगून ठेवाव्यात, तसा हा कारभार. गिऱ्हाइकाकडून पहिल्याच बैठकीत एक नाव घे, ज्याची सही अखेरची. बाकीच्यांचं म्हणणं त्याने गोळा करावं. सही घ्यायची ती नुसत्या शब्दांवर, कागदावर. सही झाल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. याने साहेब दुखावले तर दुखावू देत. आमच्या वसुलीतही पहिल्या दिवशी भिडेला पडलेला सचिव मार्चमध्ये रडायचा.

तू आता संगणकाकडून, त्या एआयकडून लिहून घेतेस असं तुझी आई म्हणाली. घे की. प्रश्नांचे पर्याय, उपशीर्षकं, पहिला कच्चा खर्डा, यात तो हमाली चांगली करत असेल. पण आकडा आणि नियम त्याच्यावर सोडू नकोस. तो जुन्या हंगामाचा भाव ठामपणे ठोकून देतो आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. प्रत्येक आकडा परिपत्रकाशी ताडून पाहा.

एका कामात मात्र घाई करू नकोस. पहिले दोन धडे झाले की पुढचे करायच्या आधी इकडे पाठव. पुण्यात तुमच्या मोठ्या पडद्यावर सगळं झकास दिसतं. इथे तो धडा पाच-सहा इंची मोबाइलवर, उन्हात, अर्ध्या नेटवर्कवर उघडायचा असतो. नवख्या कर्मचाऱ्याच्या हाती मोबाइल द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे कंटाळून पुढे ढकलतो, ते टिपायचं. या एका सकाळीत जे कळेल ते तुमच्या कचेरीतल्या चार बैठकांत कळणार नाही, आणि उरलेले धडे पुन्हा करायची पाळी येणार नाही.

दसऱ्याच्या आत दोन धडे पाठव. ओलाव्याचा एक आणि सातबाऱ्याचा एक. मी इथल्या दोघा-तिघांना बसवून दाखवतो आणि काय झालं ते फोनवर सांगतो. दिवाळीनंतर पाठवलेस तर उपयोग नाही, तेव्हा केंद्रं सुरू होतात आणि इथे कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

तुझा,
मामा