दुर्बीण नंतर, आधी अमावस्या

आकाशदर्शनाची हौस लागली की पहिला प्रश्न ठरलेला : "दुर्बीण कितीला येते?" प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर चौथा. कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला आणि कुठून बघणार, हे आधीचे तीन. त्यांची उत्तरं चुकली तर पन्नास हजारांची दुर्बीण माळ्यावर जाते आणि वर्षभरात "वापरलेली, उत्तम स्थितीत" अशी जाहिरात होऊन परत बाजारात येते.

महिन्याचं आधी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुकान बंद. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययाती तारकासमूहातून होणाऱ्या उल्कावर्षावाच्या बातम्या दरवर्षी येतात, पण त्या बहुतेक युरोप-अमेरिकेच्या कोरड्या उन्हाळ्यातल्या लोकांसाठी. सह्याद्रीत त्या रात्री छत्री लागते. त्या शनिवार-रविवारसाठी कुणी "उल्का कॅम्प" विकत असेल तर तुम्ही पावसाळी सहलीचे पैसे भरताय एवढं लक्षात ठेवा. आपला उल्कावर्षाव म्हणजे १३-१४ डिसेंबरचा, मिथुन राशीतला. हवा कोरडी, थंडी सोसण्याइतकी, आणि मध्यरात्रीनंतर मिथुन जवळजवळ डोक्यावर. चांगल्या अंधाऱ्या जागी तासाला पन्नासाच्या वर उल्का मोजता येतात. २०२६ मध्ये अमावस्या ८-९ डिसेंबरला आहे, म्हणजे वर्षावाच्या रात्री चंद्राची कोर लवकर मावळेल. याला साधन लागतं चटई, चादर आणि कानटोपी. दुर्बीण इथे उलट अडचण, कारण तिच्यातून आभाळाचा रुपयाएवढा तुकडाच दिसतो आणि उल्का पडते ती दुसरीकडेच.

बाकी हंगाम असा : दिवाळीच्या आसपास देवयानी दीर्घिका आणि पुढची काही वर्षं शनीसुद्धा. त्याची कडी २०२५ मध्ये कडेवरून दिसत असल्याने जवळजवळ गायब होती, आता दरवर्षी थोडी थोडी उघडत जाईल. डिसेंबर ते फेब्रुवारी मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका. एप्रिल-मे महिन्यात दक्षिण क्षितिजावर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, जो लंडनच्या हौशी माणसाला घरून कधीच दिसत नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याचा हा फायदा फुकटचा आहे.

आता पैशांकडे वळू. खालचे आकडे सध्याच्या बाजारातले आणि अंदाजे आहेत, दुकानागणिक बदलतील.

पहिला खर्च प्रवासाचा करा. मुंबई किंवा पुण्याहून भंडारदऱ्याला स्वतःच्या गाडीने जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतात. पेट्रोल आणि टोल धरून तीन हजार म्हणा, चौघांत वाटले तर साडेसातशे. घराच्या गच्चीवरून तीस हजारांच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका जेवढी दिसत नाही तेवढी या साडेसातशेत नुसत्या डोळ्यांना दिसते. विदर्भातल्या वाचकांची तर चैन आहे : महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आणि तो नागपूरहून दोन-अडीच तासांवर आहे.

एकटं जायचं नसेल तर संस्थांचे कार्यक्रम आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते, मुंबईत खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाशमित्र मंडळ. जेवण-चहासकट रात्रभराच्या कार्यक्रमाला आठशे ते दोन हजार लागतील असं धरून चला. याच भावात धरणकाठचे तंबूवालेही 'स्टारगेझिंग' विकतात, आणि फरक तिथे पोचल्यावर कळतो : झाडाला झाडाला दिव्यांच्या माळा, दहा वाजेपर्यंत गाणी आणि तारीख नेमकी पौर्णिमेची. पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. त्या रात्री चंद्र किती वाजता मावळतो? दिवे किती वाजता बंद होतात? माणसं किती आणि दुर्बिणी किती? शंभर माणसं आणि तीन दुर्बिणी असतील, प्रत्येकाला एक मिनिट मिळत असेल, तर एका ग्रहाला अर्ध्या तासाहून जास्त रांग. ढग आले तर पैशांचं काय, हे मात्र लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत, पण पुढच्या अमावस्येला सामावून घेणारे आयोजक असतात.

दोन-तीन रात्री अशा काढल्यावर खरेदी. तीही दुर्बिणीची नाही, बायनॉक्युलरची. १०×५० हा आकडा बघा : दहा पट मोठं, पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं. नावाजलेल्या कंपनीचा नवा नग सात ते अकरा हजारांत येतो, तिवईला जोडायची पट्टी पाचशे-हजाराला. कोपरं कठड्यावर टेकवून धरला तर गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, आणि कृत्तिका यातून जितकी देखणी दिसते तितकी मोठ्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. शनीची कडी मात्र यातून दिसणार नाहीत. तसं सांगणारा विक्रेता खोटं बोलतोय.

वापरलेला नग अर्ध्या किमतीत मिळतो, फक्त घेताना घाई नको. पुढच्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या नगांत हमखास असते. मग बाहेर येऊन लांबच्या मोबाइल टॉवरकडे बघा आणि दोन्ही डोळ्यांनी टॉवर एकच दिसतो का ते पाहा. किंचित जरी दोन दिसले तर आतले लोलक हललेत, कधीतरी पडलाय तो. "डोळ्याला सवय होईल" असं दुकानदार म्हणेल. होत नाही, डोकं दुखतं.

दोन ते पाच हजारांच्या, खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि "५२५ पट" छापलेल्या दुर्बिणी वाढदिवसाला मुलांना देतात, त्या घेऊच नका. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दुप्पट मोठेपणा कामाचा असतो. सत्तर मिलिमीटरच्या भिंगाला एकशेचाळीस पट ही हद्द झाली, पुढे नुसता धुरकट गोळा. त्यात तिवई इतकी लेचीपेची की फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू दृष्टीआड. खोक्यातल्या 'सन' लिहिलेल्या काळ्या काचेचा चकतीवजा फिल्टर तर त्याच दिवशी फोडून टाका. तो डोळ्याकडच्या भिंगाला लागतो, तिथे सूर्याची सगळी उष्णता एकवटते, तो तडकला की डोळा गेला.

खरी दुर्बीण पंधरा-वीस हजारांपासून सुरू होते, साडेचार इंची आरशाची. सहा इंची पंचवीस ते पंचेचाळीस हजार, आणि मी शिफारस करेन ती आठ इंची डॉबसोनियन, पंचेचाळीस ते सत्तर हजार. साध्या फिरत्या बैठकीवरची नळी, मोटार नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पण ती चार फूट लांब आणि बैठकीसकट पंचवीस किलोच्या आसपास असते. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि गाडी लहान, असं असेल तर सहा इंचीच घ्या. फोटोग्राफीचा नाद पहिल्या वर्षी नको. त्या खर्चाला तळ नाही.

देखभालीचा खर्च किरकोळ आहे, पण टाळू नका. सोबत आलेल्या चामडी पिशवीत बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात साधन हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. सगळं मिळून हजाराच्या आत. बुरशी काढायला तेवढे किंवा दुप्पट जातात, तेही काढणारा कुशल भेटला तर. शेवटचा किरकोळ खर्च : अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद दहा रुपयांना मिळतो.

ग्रहणांचं थोडक्यात. सूर्यग्रहणाचे चष्मे पन्नास-शंभर रुपयांना येतात, त्यावर 'आयएसओ १२३१२-२' हा क्रमांक पाहा, आणि पृष्ठभागावर ओरखडा असेल तर फेकून द्या. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त टिकेल. त्या सहली लाखांच्या हिशेबात विकल्या जातात. महाराष्ट्रातून ते खंडग्रासच, तेही ऐन पावसाळ्यात, तेव्हा इथे बसून त्यावर पैसे लावू नका. त्यापेक्षा ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र राखून ठेवा. त्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास चंद्र खग्रास ग्रहणात असेल आणि आपल्याकडे ते उंच आकाशात दिसेल. ना गडद अंधार लागतो, ना चष्मा, ना दुर्बीण. सोसायटीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते, तेवढं आधी विचारून ठेवा.