रंग सगळ्यात शेवटी

डोंबिवलीतल्या आमच्या हॉलला खिडकी एकच, तीही उत्तरेला. समोर पंधरा-वीस फुटांवर शेजारच्या सोसायटीची इमारत. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून निदान आभाळ दिसतं. राहायला आलो तेव्हा हॉलला फिकट राखाडी रंग दिला. शेड कार्डावर तो अगदी शांत, सभ्य दिसत होता. पुढे दिवाळीआधी शेजाऱ्यांनी त्यांची इमारत विटकरी रंगवली आणि हिवाळ्यात दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडलं की आमचा हॉल गुलाबट व्हायला लागला. संध्याकाळी ट्यूब लावली की त्याच भिंती निळ्या पडायच्या. मरून सोफ्याच्या मागचा भाग तर चक्क हिरवट वाटायचा. सासूबाईंनी एकदा विचारलंही, "अगं, ही भिंत तेवढी वेगळी रंगवलीत का?"

रंगारीकाकांना बोलावलं. शेड नंबर बरोबर, दोन्ही हात नीट बसलेले, कुठे डाग नाही. ते म्हणाले, "ताई, रंगाला काही झालेलं नाही. तुमच्या घरात उजेडच तीन तऱ्हेचा आहे."

हिरवटपणाचं कोडं मात्र पुढे वाचताना सुटलं. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणली जात. काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसे. या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. एखाद्या रंगाकडे बघताना आपला डोळा त्याच्या विरुद्ध छटा शेजारच्या रंगावर चढवतो. लालाजवळचा राखाडी म्हणून हिरवट. दुकानात कार्ड चाळताना आपला सोफा तिथे नसतो, हीच तर गोम.

तेव्हापासून नात्यात कोणी घर रंगवायला काढलं की माझं एकच टुमणं असतं: रंग शेवटी ठरवा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी भिंती, मग पडदे, आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन हाताला लागतील ते बल्ब लावून जातो. टिंटिंग मशीनवर हवी ती छटा लिटरभरही बनवून मिळते. पडद्याचं कापड, सोफ्याचं कव्हर आणि बल्ब मात्र बाजारात असेल त्यातूनच घ्यावे लागतात. मग जे वाकवता येतं ते आधी पक्कं का करायचं?

उजेडापासून सुरुवात करा. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे 'लख्ख' हवं म्हणून सर्रास ६५०० घेतात. उत्तरेच्या खोलीत मुळातच थंड, निळसर उजेड येतो. त्यात ही भर पडली की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. हॉलला ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००, हे माझं ठरलेलं. एकाच खोलीत दोन-तीन तऱ्हा मिसळू नयेत. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, तोही शोधा. ८० चे दिवे सगळीकडे मिळतात, पण ९० च्या वरच्यात माणसांचे चेहरे आणि कापडाचे रंग पुष्कळच खरे दिसतात. उजेड किती पडेल हे वॉटवरून नाही, लुमेनवरून बघावं. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा. तेवढा आज ९ वॉटच्या एलईडीत मिळतो.

छताच्या मधोमध एकच दिवा ठेवला तर कोपरे काळवंडतात आणि खोली आहे त्याहून लहान वाटते. तेवढाच उजेड दोन-तीन ठिकाणी वाटून भिंतींवर टाकावा. पण दिवे भिंतीला अगदी चिकटून नकोत. वरून घासत येणारा उजेड पुट्टीची प्रत्येक लाट आणि रोलरचा प्रत्येक माग उघडा पाडतो, आणि मग बिचाऱ्या रंगाऱ्याला बोल लागतो.

कापडाचा तुकडा घरी आणून दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. पडद्याची दांडी खिडकीला चिकटून लावण्यापेक्षा छताजवळ आणि दोन्ही बाजूंना वीतभर पुढे काढली, तर खिडकी मोठी वाटते आणि पडदा बाजूला केल्यावर काच मोकळी राहते. फर्निचरची मापं कागदावर खरी वाटत नाहीत. वर्तमानपत्रं पसरून सोफ्याएवढी जागा जमिनीवर आखा आणि आठवडाभर तिला वळसा घालून चाला. लिफ्टचं दारही मोजा. ओळखीतल्या एका घरी नवाकोरा तीन सीटचा सोफा जिन्यातच अडकला होता.

आता रंग. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, म्हणजे आधीच्या भिंतीचा रंग नजरेत भेसळ करणार नाही. तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि सोफ्यामागे, सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. कार्डावरची छटा अख्ख्या भिंतीवर जास्त गडद भासते, तेव्हा मन अडखळलं तर एक पायरी फिकट घ्या. उत्तरेच्या खोलीला राखाडीपेक्षा पिवळसर किंवा मातकट झाक असलेला पांढरा मानवतो. पश्चिमेला उलट, तिथे संध्याकाळचं ऊनच इतका भगवा ओतून जातं की भिंतीनं त्यात भर घालू नये. जुन्या घरांत चुन्यात चिमूटभर नीळ घालत, ती पिवळेपणा मारायला. एक भिंत भडक रंगवायची फॅशन मला कधीच पटली नाही, पण हौस असेल तर निदान खिडकीसमोरची नको. तिचा रंग परतून सगळ्यांच्या तोंडावर येतो. चकचकीत फिनिशला गिलावा सपाट लागतो. मॅट खाचखळगे लपवतो, पण लहान मुलांचे हात लागले की पुसताना डाग पसरतात. सॅटिन दोन्हींच्या मधलं.

भिंतीत ओल असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवा. आतून पाणी धरलं तर आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या. नाहीतर वर्षभरात पोपडे निघतात.

काम संपल्यावर उरलेला रंग लहान डब्यात घट्ट बंद करून ठेवा आणि शेड नंबर, फिनिश, तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे नवा डबा आणलात तर तोच नंबर असूनही छटा थोडी हलते. अशा वेळी डाग पडलाय तेवढीच जागा रंगवू नका, ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काढा.