लाकडी फ्लोअरिंग: फळीचा भाव आणि पुरा खर्च

दुकानात चौरस फुटाचा जो भाव सांगतात तो फक्त फळीचा. फळी जमिनीवर बसेपर्यंत तो किती होतो, हे 10 बाय 12 च्या बेडरूमवर मांडून पाहू. 8 मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट 120 रुपये फुटाने मिळाले असे धरू. बाकीचे दरही नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमच्या गावचे घाला.

खोली 120 फुटांची, पण कापाकापीत 8 टक्के तरी वाया जाते, म्हणून माल 130 फूट लागतो. बॉक्स फोडून देत नाहीत. 20 फुटांचे 7 बॉक्स घेतले की 16,800 झाले. खालच्या फोमचे 10 रुपयांनी 1,200, मजुरी 25 रुपयांनी 3,000, दार सोडून 41 फूट स्कर्टिंगचे 70 रुपयांनी 2,870, उंबऱ्याजवळच्या पट्टीचे 500. बेरीज 24,370, त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 28,757. म्हणजे फुटाला जवळजवळ 240 रुपये, सांगितलेल्या भावाच्या दुप्पट! म्हणून कोटेशन ‘फिटिंग आणि करासह’ मागा, तेही लेखी.

जुनी फरशी वरखाली असेल तर लेव्हलिंगचा खर्च वेगळा. जमीन उंचावल्यावर दार घासते. ते खालून तासून घ्यायचे पैसेही आधीच ठरवा.

आपल्याकडे खरा प्रश्न ओलीचा आहे. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो; सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. तळमजल्यावर किंवा कोकणात फोमखाली प्लॅस्टिकचा कागद हवाच. फळ्या दोन दिवस त्याच खोलीत ठेवून मग बसवाव्यात आणि भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट सोडायला लावावी. घाईतला फिटर नेमकी ही फट विसरतो, आणि पावसाळ्यात जमीन मध्येच उचलली जाते. स्वयंपाकघरात लॅमिनेट घालूच नका. तिथे पाणी सोसणारे एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेले फ्लोअरिंग, बरे.

इंजिनिअर्ड लाकडाला वर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. तो किती मिलिमीटरचा ते विचाराच, कारण पुढे घासून पॉलिश होणार की नाही ते त्यावरच ठरते. सागाची भरीव फळी सर्वांत महाग, पण अनेकदा घासता येते.

उरलेल्या फळ्या मजुरांना देऊन टाकू नका. काही वर्षांनी एखादी बदलायची वेळ आली, तर तेच डिझाइन बाजारात मिळेल याची खात्री नसते.