वणवा

माघ सरत आला की महाड-पोलादपूरच्या डोंगरांचा रंग पालटू लागतो. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि ऐन-किंजळांखालचा पाचोळा पावलागणिक वाजत असतो. अशाच एखाद्या संध्याकाळी सावित्रीच्या खोऱ्यातून पाहणाऱ्याला दूरच्या कड्याखाली एक तांबूस रेघ दिसते. प्रथम ती पणत्यांच्या ओळीसारखी शोभिवंत वाटते. थोड्या वेळाने ती हलत आहे, वर चढत आहे, असे ध्यानात येते, आणि मग वरच्या वाडीतून हाक ऐकू येते, "वणवा आला!"

बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते व रान पेटते, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. परंतु सह्याद्रीच्या या भागात वणव्याच्या मुळाशी बहुधा माणसाचाच हात असतो. कोणी शिकारीसाठी रान उठवतो, कोणी पेटती विडी वाटेवर टाकून निघून जातो, तर कोणी पुढील वर्षी गवत जोमाने फुटावे म्हणून जाणूनबुजून माळ पेटवतो. राबाची आगही कधीकधी बांध ओलांडते. कोकणातील शेतकरी भाताची रोपे तयार करावयाच्या जागेवर शेण, पालापाचोळा व कवळे पसरून ते भाजतो; यालाच राब म्हणतात. त्याने तणाचे बी मरते आणि रोप सहज उपटता येते. ही रीत केवळ अडाणीपणाची आहे असे समजणे अन्यायाचे होईल. तिला दुसरी सोय मिळाली तरच ती सुटेल. गादीवाफ्यावर रोपे करण्याची पद्धत, तसेच याच जिल्ह्यातील नेरळ येथे विकसित झालेले सगुणा भात तंत्र, या अशा सोयी होत. सगुणा तंत्रात कायमच्या गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. त्यामुळे राबाची गरजच उरत नाही.

आग डोंगर चढताना फार वेगाने धावते. ज्वाळांची ऊब वरच्या गवताला आधीच सुकवून ठेवते व वाराही दिवसा उताराने वरच वाहतो. म्हणून वणवा विझविणारे लोक त्याच्या तोंडासमोर सहसा उभे राहत नाहीत. बाजूंनी शिरून हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपतात. पाणी डोंगरावर कोठून आणणार? माणसे काळवंडून जातात, डोळे चुरचुरतात, तरी गोठा आणि गवताची गंजी वाचविण्यासाठी रात्रभर झुंजतात. गंजी जळाली तर पावसाळा येईपर्यंत गुरांना काय घालावे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उजाडताच दारी उभा राहतो. आंबा-काजूची दहा वर्षे जपलेली कलमे घटकाभरात होरपळतात. जमिनीवर घरटी करणारे लावे, मंदगती खवले मांजर, बिळातली साळिंदरे यांना तर हाक मारणारेही कोणी नसते.

आग विझली तरी धूर राहतो. थंडीच्या रात्री दरीतील हवा गार होऊन खाली बसते व तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. त्याखाली कोंडलेला धूर सकाळी गावावर धुक्यासारखा पसरलेला दिसतो. त्यातील अतिसूक्ष्म कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाइतके लहान असल्यामुळे थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. दमेकऱ्याला ते न पाहताही कळतात.

सह्याद्रीचा माथा ही रायगड व सातारा-पुणे या जिल्ह्यांची सीमा होय. आंबेनळी किंवा वरंध घाटाखाली पेटलेली आग माथ्यावर पोहोचली की एका जिल्ह्याचे काम दुसऱ्या जिल्ह्याचे होऊन बसते. धुराला तर तेवढेही चढावे लागत नाही. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आग्नेय आशियात घडली. १९९७ साली इंडोनेशियातील सुमात्रा व बोर्निओ बेटांवर शेतीसाठी जंगले जाळण्यात आली. तेथील कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन आतून धुमसत राहिली व तिचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूर आणि मलेशियावर पसरला. त्या भागातील राष्ट्रांनी २००२ साली धुराविषयी करार केला. मात्र ज्या देशात आग लागत होती, त्या इंडोनेशियाच्या संसदेने त्याला २०१४ साली मान्यता दिली. त्याच वर्षी सिंगापूरने परदेशात आग लावून आपल्याकडे धूर पाठविणाऱ्या कंपन्यांनाही दंड करणारा कायदा केला. बारा वर्षे करार कागदावर होता आणि धूर मात्र वेळेवर येत होता!

आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. वन खाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, म्हणजे पट्ट्यापट्ट्याने गवत काढून आगीची वाट तोडते. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना वनरक्षकापर्यंत पोहोचविते. २०१८ साली केंद्र शासनाने वणव्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडाही प्रसिद्ध केला. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु गवताची आग घटका-दोन घटकांची असते. उपग्रह डोक्यावरून जाऊन निरोप येईपर्यंत पुष्कळदा राखच उरते. शिवाय कोकणातील पुष्कळसे डोंगर खासगी मालकीचे आहेत. तेथे जाळरेषा काढायची ती वाडीतील लोकांनीच, होळीच्या आत, कोयते घेऊन.

मृगाचा पाऊस पडला की जळलेल्या उतारावर कोवळे हिरवे कोंब आधी दिसतात, कारण त्यांना झाकणारे जुने गवत राहिलेले नसते. गुरे तिकडेच धावतात आणि जाळल्याने गवत वाढते ही समजूत आणखी एका वर्षासाठी पक्की होते. पुढे आषाढाच्या धारा लागतात. मुळांचा व पाचोळ्याचा आधार गेलेल्या त्या उतारावरून राख वाहून जाते, मागोमाग मातीही जाते, आणि खालच्या ओढ्याचे तांबडे पाणी ती माती घेऊन सावित्रीकडे धावत सुटते. पलीकडच्या न जळलेल्या डोंगराचा ओढा त्या मानाने निवळ वाहत असतो. पण तिकडे बघायला त्या दिवसांत कोणाला सवड नसते, लावणी चालू असते.