संगणक बंद पडल्यावर हार्ड डिस्कवरची जागा जाते कुठे?

भोसरी, पिंपरी, चिंचवडपासून थेट चाकण-म्हाळुंगेपर्यंत लहान वर्कशॉपवाले, पुरवठादार आणि दुकानदार यांचा सारा हिशेब आता संगणकावर आहे. कारखान्यांना गणवेशाचे कापड, बॉयलर सूट, मशीन पुसायचे कॉटन वेस्ट पुरवणारे आम्ही कापडवालेही त्यातच आलो. या पट्ट्यात एक तक्रार वारंवार कानी येते. वीज गेली, संगणक मध्येच बंद पडला, आणि पुन्हा सुरू केला तर हार्ड डिस्क भरल्याचा संदेश! नवीन फाइल तर एकही घातलेली नाही. अशा वेळी घाईने दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते, तो फॉरमॅट मारायला सांगतो, आणि जागेबरोबर पाच-सहा वर्षांची उधारीही पुसली जाते. म्हणून हा विषय व्यापाऱ्याने स्वतः थोडा समजून घेणे बरे.

जी जागा हरवलेलीच नाही, ती आधी बाजूला काढू. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, १ टीबीची ९३१ जीबी. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. १०० मीटरचा तागा गजाने मोजला तर १०९ गज भरतो. कापड तेवढेच राहते. इथे मोजपट्टी उलट बाजूने लागते, एवढाच फरक.

आता खरी हरवलेली जागा. डिस्क म्हणजे गोदाम समजा. कोणत्या खणात कोणता माल आहे याची एक नोंदवही डिस्कवरच असते. टेम्पोतून माल उतरवताना दिवे गेले तर गठ्ठा खणात पडतो, पण वहीत नोंद होत नाही. खण भरलेला, मालाला मालक नाही. डिस्कवर नेमके हेच होते. विंडोजची ‘चेकडिस्क’ ही सोय म्हणजे गोदामाची मोजदाद. बेवारशी तुकडे सापडले की ती ‘फाउंड.०००’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ शेपटीच्या फायली करून ठेवते. आपला हिशेब नीट उघडतो याची खात्री झाली की त्या पुसायला हरकत नाही.

१९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही पद्धत आली. ती पक्क्या वहीआधी कच्च्या वहीत टिपण करते, त्यामुळे वीज गेली तरी बहुतेक नोंदी जुळवून घेते. पेन ड्राइव्हवर मात्र सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, तिथे ही कच्ची वही नाही. टॅलीचा चालू हिशेब पेन ड्राइव्हवरून चालवणारे महाभाग अजूनही भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आजच्या संगणकात मोठी जागा खाणारे वेगळेच असतात. संगणक निळ्या पडद्यावर अडकला की त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल विंडोज फोल्डरमध्ये ‘मेमरी.डीएमपी’ या नावाने पडते. ती कित्येक जीबीची असू शकते. विंडोज पुन्हा बसवले असेल तर जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ म्हणून मागे राहते. ती साधारण दहा दिवसांनी आपोआप निघते, पण आधी आपला डेटा तिच्यात अडकला नाही ना हे पाहा. रिस्टोअर पॉइंटही जागा धरतात. त्यांची मर्यादा सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये कमी करता येते. हायबरनेटची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते. हे बहुतेक सारे ‘डिस्क क्लीनअप’मधून, सिस्टिम फायलींचे बटण दाबून, साफ होते. ‘पेजफाइल’ला मात्र हात लावू नये, ती संगणकाच्या रोजच्या कामाची आहे.

कधी अख्खा भागच दिसत नाही. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करताना डिस्कचे तुकडे पाडले आणि एक तुकडा तसाच सोडला, तर तो ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ दिसतो. तो आपल्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने जोडता येतो. २ टीबीहून मोठी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने बसवली तर त्यापुढची जागा वापरताच येत नाही. तिथे जीपीटी पद्धत लागते.

या सगळ्यात क्रम फार महत्त्वाचा, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. जागा नंतर, डेटा आधी. मोकळी केलेली जागा म्हणजे पुसायला परवानगी दिलेली जागा; तिच्यावर नवे काही लिहिले गेले की जुने परत येत नाही. एसएसडी असेल तर ‘ट्रिम’मुळे पुसलेले बहुधा लगेचच कायमचे जाते. म्हणून पहिल्यांदा टॅलीचे डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडले नाही तर टॅलीतच रिपेअरची सोय आहे, पण तीही नकलेवर वापरा. त्यानंतरच चेकडिस्क. सी ड्राइव्हसाठी ती पुढच्या सुरुवातीला चालवू का असे विचारते, तेव्हा ‘वाय’ दाबावे. मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात, मध्ये वीज जाऊन चालत नाही. आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून वेळ असतो. पण महावितरणची दुरुस्तीची कामेही गुरुवारीच निघतात. यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर चेकडिस्कही नको. संगणक बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. मोजदादीच्या ताणाने मरती डिस्क पुरती मरते.

एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचा आहे. २०२३-२४ च्या विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची कागदपत्रे २०३० च्या डिसेंबरअखेरपर्यंत हवीत. नियम ५७ तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाची बॅकअप प्रतच मागतो. आपल्यासाठी त्याहून जुना हुकूमही आहे. सूरह बकरहची २८२ वी आयत, कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करायला सांगते. कारखाना ६० दिवसांनी पैसे देतो, आपण भिवंडी-मालेगावच्या विणकराचे ४५ दिवसांनी देतो. या मधल्या काळात दोघांची रक्कम त्या डिस्कवर अमानत असते. ती पुसली गेली तर कारखान्याकडे मागायचे कोणत्या तोंडाने, आणि विणकराला किती द्यायचे?

दुरुस्तीला संगणक देताना एक अट आधीच घालावी: विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत घ्यावी. तिच्यावर गिऱ्हाइकांचे भाव, बँक खाती, कामगारांची आधार कार्डे असतात. ती दुरुस्तीवाल्याच्या टेबलाखाली पडून राहण्यापेक्षा आपल्या कपाटात कुलूपबंद असलेली बरी.