इंजिनकाम झाले, पण पाण्याची वाट पाहिली का?

आम्ही पिंपरी पेंढारचे कापडवाले. आमचे गाव कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या अलीकडे. इथून समुद्र माळशेज घाटापलीकडे, दूर. मग कापडवाल्याने होडीच्या इंजिनावर का लिहावे, असे आपण विचाराल. कारण त्यात आमचा पैसा बुडाला. जो धडा पैसे देऊन मिळाला, तो इतरांना फुकट मिळावा एवढाच हेतू आहे.

कोकणात आमच्या मेहुण्यांची मासेमारी नौका आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि इंजिनकाम याच दिवसांत निघते. खर्चात आमची निम्मी भागी होती. लाइनर, पिस्टन, बेअरिंग, गास्केट सगळे नवे पडले. मिस्त्रीने कारखान्यातच पाण्याची नळी लावून दहा मिनिटे इंजिन चालवून दाखवले. आवाज छान होता. आम्ही पूर्ण रक्कम चुकती केली. ऑगस्टमध्ये नौका बाहेर पडली आणि चौथ्या तासाला इंजिन उकळले. हेड गास्केट गेले, लाइनर ओरखडले, दुसऱ्या नौकेने ओढून आणले. खलाशांचा ऐन हंगामातला रोजगार बुडाला.

इंजिन उघडल्यावर कारण निघाले बोटाच्या पेराएवढे. पंपाच्या जुन्या रबरी फिरकीचे तुटलेले पाते हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकले होते. फिरकी नवी बसवली, पण जुनीचा तुकडा गेला कुठे, हे कुणी शोधले नाही. मिस्त्रीने शोधले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ठाण उलगडल्याशिवाय आम्ही माल घेत नाही. इंजिन मात्र आवाजावर घेतले.

आता मूळ गोष्ट समजून घ्या. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनात पाणी दोन प्रकारचे असते. आतले गोडे पाणी ब्लॉक आणि हेडमधून बंद वाटेने फिरते. बाहेरचे खारे पाणी तळाच्या कॉकमधून येते, जाळीतून गाळले जाते, रबरी फिरकीच्या पंपाने हीट एक्स्चेंजरमध्ये जाते, गोड्या पाण्याची उष्णता घेते आणि बहुतेक नौकांत धुराबरोबर बाहेर पडते. यांपैकी कोणतीही वाट अडली की इंजिन तापते.

पहिली तपासणी इंजिन बंद असताना करावी. जुन्या फिरकीची पाती मोजा. एक जरी कमी असेल, तर तुकडा सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. हीट एक्स्चेंजरची दोन्ही झाकणे उघडून प्रत्येक नळी आरपार दिसते का ते पाहा. आतली जस्ताची कांडी निम्मी झिजली असेल तर बदला. ती स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवते. ओढीच्या बाजूची नळी तारेची, कडक असावी. मऊ नळी ओढीने आत चिकटते आणि बाहेरून काही कळत नाही. मग हातपंपाने गोड्या पाण्याच्या वाटेवर झाकणावर लिहिलेला दाब द्या, त्याहून जास्त नको. पंधरा मिनिटे काटा हलता कामा नये. हलला तर कुठेतरी गळती आहे.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट. तो काढून फेकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती चूक आहे. सदा थंड राहिलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल खराब होते आणि लाइनर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी आडवाटेनेच फिरते आणि इंजिन उलट तापते. पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅट त्यात टांगा. त्याच्यावर ८२ लिहिले असेल, तर तो ८२ अंशांच्या आसपास उघडू लागला पाहिजे.

तिसरी गोष्ट पाणी भरणे. आमच्या जुन्नरच्या अनेक विहिरींचे पाणी जड आहे. तसले पाणी आत घातले की क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात भरा. सावकाश भरा आणि सर्वांत उंच ठिकाणचा स्क्रू सैल करून हवा काढा. अडकलेली हवा हेडजवळ बसते आणि तिथला धातू कोरडा तापतो.

चौथी तपासणी धक्क्याला बांधून. सुरू केल्यावर थोड्याच वेळात धुराबरोबर पाणी पडले पाहिजे. मिनिटभर वाट पाहून पाणी दिसले नाही तर लगेच बंद करा, कारण कोरडी रबरी फिरकी काही मिनिटांत जळते. ठरावीक गतीला दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहून ठेवा. पुढे वेळ वाढली तर वाट अडत आहे असे समजावे. काट्यावर आंधळा विश्वास नको. पाणी गळून गेले की त्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो. धोक्याची घंटा वाजते का, हेही मिस्त्रीकडून करून घ्या.

पाचवी तपासणी ओझ्याची, आणि खरी हीच. उभ्या इंजिनाची परीक्षा म्हणजे घडीवर पाहिलेले कापड. रंग धुतल्यावर कळतो. किनाऱ्याजवळ, सोबत दुसरी नौका ठेवून अर्धा तास निम्म्या जोरावर, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण जोरावर चालवा. तापमान वाढून एका ठिकाणी थांबले पाहिजे. पूर्ण जोरावरच चढत राहिले तर नळ्या अर्धवट बुजल्या आहेत किंवा पंप कमजोर आहे. टाकीत सतत बुडबुडे आले तर हेड गास्केटमधून वायू येत असावा. तेल दुधाळ झाले किंवा त्याची पातळी वाढली तर पाणी तेलात उतरले. यांतले काही दिसले तर परत फिरा. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नका, त्यावर थंड पाणी ओतू नका. हात भाजतो आणि हेड तडकते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी, तेल, जाळी आणि सर्व क्लिपा पुन्हा पाहा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही, हे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठरवा.

ही गोष्ट केवळ समुद्राची नाही. डिंभ्याच्या जलाशयातील इंजिनाच्या होडीला मीठ नसले तरी गाळ आणि पाणवनस्पती आहेतच. शेतातल्या पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनालाही बहुतेक हेच नियम लागू आहेत.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. कारागीर बांधवांनी चाचणीचे तास बिलात उघडपणे लावावेत; ती मेहनतच आहे आणि तिची मजुरी मिळालीच पाहिजे. मालकांनीही ती घासाघीस न करता द्यावी. काढलेला जुना माल मालकाला मोजून परत द्यावा, आणि थोडी रक्कम पाण्यावरची चाचणी होईपर्यंत दोघांच्या संमतीने, लेखी ठरवून राखून ठेवावी. यात अविश्वास नाही, उलट दोघांचीही इज्जत राहते. आम्ही आणि आमचे मेहुणे आता असेच करतो. मागल्या खेपेस चाचणीला गेलेला एक दिवस आम्हाला महाग वाटला नाही. त्याच्या आधीच्या हंगामाचा हिशेब आमच्या वहीत अजून आहे.